पिशवी घ्यायच्या आधी पातेलं मोजा

मागच्या अंकात आपण पिशवीच्या पद्धतीने बीअर कशी करतात ते बघितलं होतं. ज्यांचा तो अंक चुकला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोठ्या पातेल्यात पाणी तापवायचं, आतून जाळीची पिशवी अस्तरासारखी लावायची, भरडलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुतेक वेळा जव) त्यात ओतून ६५ ते ६८ अंशांवर तासभर झाकून ठेवायचं (याला मॅश म्हणतात), मग पिशवी चोथ्यासकट उचलायची आणि खाली जो गोड वॉर्ट, म्हणजे माल्टमधली साखर उतरलेलं पाणी, राहतो तो त्याच पातेल्यात हॉप्स (बीअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) घालून उकळायचा. ऑस्ट्रेलियातल्या घरगुती बीअरवाल्यांनी ही पद्धत रुळवली आणि तिथून ती सगळीकडे पसरली, कारण जिथे तीन भांडी लागायची तिथे एकात काम व्हायला लागलं. (तुम्ही राहता तिथला कायदा घरी बीअर करू देतो का ते आधी बघून घ्या, हे परत एकदा सांगतो.)

पत्रं भरपूर आली आणि निम्म्याहून जास्त नुसत्या पिशवीबद्दल आहेत. मला ते पटलं, कारण या पद्धतीत गाळणं म्हणा, चाळणी म्हणा, सगळी मदार त्या एका पिशवीवर असते आणि ती नीट नसेल तर चांगलं माल्ट आणि चांगलं यीस्ट आणूनसुद्धा दिवस वाया जातो. म्हणून यावेळचं सगळं सदर पिशवीलाच दिलंय.

प्रश्न : काही पिशव्यांवर १००, २००, ४०० मायक्रॉन असं लिहिलेलं असतं तर काहींवर ६० मेश, ८० मेश. जाळी जितकी बारीक तितका वॉर्ट स्वच्छ, बरोबर ना? मग सरळ १०० मायक्रॉनची घेऊ का?

नका घेऊ. आधी आकड्यांचा गोंधळ सोडवू. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग आणि तो आकडा भोकाचा असतो, म्हणजे २०० मायक्रॉन म्हणजे ०.२ मिलिमीटरचं भोक. मेशचा आकडा उलटा चालतो, एका इंचात भोकं किती ते तो सांगतो, त्यामुळे आकडा वाढला की भोक लहान होतं. ६० मेश म्हणजे साधारण २५० मायक्रॉन, ८० मेश म्हणजे १८० च्या आसपास, आणि ४० मेश म्हणजे ४०० च्या थोडं वर. दोन पिशव्यांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच मापात आणून मगच बघा, नाहीतर ६० मेशवाली जाड वाटते आणि ४०० मायक्रॉनवाली बारीक, आणि खरं अगदी उलट असतं.

आता १०० मायक्रॉन का नको, तर माल्ट भरडलं की त्यात टरफलं असतात, रवाळ कणी असते आणि अगदी वस्त्रगाळ पीठही असतं. हे पीठ ओलं झालं की चिकट होतं आणि इतक्या बारीक भोकांवर जाऊन लेपासारखं बसतं. मग तुम्ही पिशवी उचलता तेव्हा ती टम्म फुगलेली असते, बाहेरून नुसती झिरपल्यासारखी ओली दिसते आणि खाली धार काही पडत नाही, आणि तुम्ही दोन्ही हातांत ते गरम ओझं घेऊन उभे. दुसऱ्या टोकाला ६००-८०० मायक्रॉनची जाळी घेतली तर वॉर्ट झटकन उतरतो पण टरफलांचे तुकडे आणि कणीही त्याच्याबरोबर उतरते, मग तो सगळा माल उकळीत शिजत बसतो आणि बीअरला तुरट चव येते, शिवाय तळाला लागून करपण्याची भीती वेगळीच.

माझं मत २०० ते ३०० च्या मधलं काहीतरी. मी स्वतः २५० च्या आसपासची वापरतो. यातून थोडं पीठ खाली जातं, पहिल्यांदा वॉर्ट गढूळ दिसला की लोक घाबरतात, पण ते पीठ उकळीनंतर बाकीच्या गाळाबरोबर तळाला बसतं, त्याचा काही त्रास होत नाही.

आणि एक, छापलेल्या आकड्यापेक्षा जाळी पक्की आहे का ते जास्त महत्त्वाचं. कापड उजेडासमोर धरा आणि दोन्ही अंगठ्यांनी धागे बाजूला ढकलून बघा. धागे सरकून मध्ये फट पडली आणि तशीच राहिली तर ती पिशवी ठेवून द्या, कारण वजन आलं की हेच होणार आणि मग २५० मायक्रॉन फक्त लेबलवर राहतं.

प्रश्न : माझं पातेलं ३६ लिटरचं आहे. '२० लिटर बॅचसाठी' असं लिहिलेली पिशवी मागवली तर ती पातेल्याच्या निम्म्यातच संपते, काठावर अडकवताच येत नाही. मग पिशवीचं माप ठरवायचं कसं?

लिटरवरून पिशवी घ्यायचीच नाही, इथेच घोळ होतो. दोन पातेली ३६ लिटरची असतात पण एक उंच आणि अरुंद असतं आणि दुसरं बुटकं आणि पसरट, मग एकच पिशवी दोघांना बसणार कशी? टेप घ्या आणि दोन मापं काढा, आतला व्यास आणि आतली उंची.

समजा तुमचं पातेलं ३६ सेंटिमीटर व्यासाचं आणि ३६ सेंटिमीटर उंच आहे (म्हणजे साधारण साडेछत्तीस लिटर होतं). घेर काढायला व्यासाला ३.१४ ने गुणा, ११३ सेंटिमीटर आला. सपाट पिशवी म्हणजे दोन तुकडे एकमेकांवर ठेवून शिवलेली, त्यामुळे सपाट टाकल्यावर तिची रुंदी घेराच्या निम्मी तरी हवी, म्हणजे ५७. त्यात चार-पाच सेंटिमीटर सैलपणा धरा, ६२ झाली. आता लांबी. पिशवी वरून काठावर दुमडायची आहे त्याचे ८-१०, खाली उतरायचे ३६, आणि तळावर भिंतीपासून मध्यापर्यंत जायचं त्याचे अर्ध्या व्यासाचे १८. बेरीज ६२ ते ६४. हे तळाचे १८ लोक हमखास विसरतात आणि मग पिशवी तळाला टेकतच नाही, अधांतरी लटकते, माल्ट वरच्या भागात कोंबलेलं राहतं आणि खालचं पाणी नुसतं गरम पाणी राहतं.

थोडी मोठी पिशवी चालते, लहान अजिबात नाही. पिशवी पातेल्याच्या आत सगळीकडून भिंतीला लागून बसली पाहिजे म्हणजे माल्टला मोकळं पोहायला जागा मिळते, पाणी प्रत्येक कणीपर्यंत पोचतं आणि ढवळताना कोरड्या गाठी फोडता येतात. माल्ट घट्ट बांधून गाठोड्यासारखं बुडवलं तर मधला गोळा आतून कोरडाच राहतो. मी एकदा असा गोळा फोडून बघितला होता, बाहेरून चांगलं भिजलेलं आणि आत बोट घातलं तर पांढरं सुकं पीठ. तेवढी साखर वॉर्टमध्ये आलीच नाही.

सपाट पिशवीला खालच्या दोन कोपऱ्यांत कानासारखी टोकं येतात आणि त्यात चोथा अडकतो, वॉर्टही साठतो. त्यामुळे शक्य असेल तर गोल तळाची किंवा खाली निमुळती होत जाणारी पिशवी घ्या. निमुळतीचा फायदा उचलल्यावर कळतो, सगळं वजन मध्यावर येतं आणि एकच जाड धार बरोबर पातेल्यात पडते, इकडेतिकडे ठिबकत नाही.

तुमच्याकडे जी पिशवी आलीय ती टाकू नका, रंग आणि चवीसाठी थोडं खास माल्ट वेगळं भिजवायला ती छान आहे.

प्रश्न : दुसऱ्याच वापरात पिशवी उचलताना फाटली. पाच किलो माल्ट होतं. पाच किलो काही फार नाही, मग कापड खराब होतं का?

कापड परत नीट बघा, माझा अंदाज आहे की कापड फाटलेलं नसेल, शिवण उसवलेली असेल.

माझ्याबरोबर हेच झालंय. पिशवी अर्धी वर आली होती आणि टर्रकन आवाज झाला, बघतो तर तळाची शिवण चार बोटं उघडलेली आणि सगळा चोथा परत वॉर्टमध्ये. पुढचा तासभर डावाने काढून काढून चाळणीतून गाळत बसलो, आणि ते सगळं ६५ अंशाच्या चिकट पाण्यात. संध्याकाळी ती पिशवी धुऊन दिव्याखाली धरली, जाळीला साधा चरासुद्धा नव्हता. एकच टीप होती, धागा सुती होता आणि काठापासून जेमतेम तीन मिलिमीटर आत मारलेली होती, त्यामुळे जाळीचे मोकळे धागे टिपेतून अलगद निसटून गेले होते. त्या दिवसापासून मी पिशवी हातात घेतली की आधी उलटी करतो आणि शिवण बघतो, जाळी नंतर.

वजनाचा हिशोब पण तुम्ही कोरड्या माल्टचा करताय. पाच किलो माल्ट निथळल्यावरसुद्धा किलोमागे अर्धा ते एक लिटर वॉर्ट धरून ठेवतं, आणि उचलण्याच्या त्या पहिल्या क्षणाला तर निथळायचा बाकी असलेला वॉर्टही आत असतो, म्हणजे सहज दहा किलोच्या वर जातं. शिवाय तुम्ही ते झटका देऊन उचलता.

मग बघायचं काय? दुहेरी टीप हवी, म्हणजे एकावर एक नाही, शेजारी शेजारी दोन. काठ आत दुमडून शिवलेला हवा, त्याने मोकळे धागेही निसटत नाहीत आणि शिवणीत कणीही अडकत नाही. धागा पॉलिस्टरचा हवा, सुती धागा सारखा ओला-कोरडा होऊन कुजतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उचलायचे पट्टे. पट्टा जर फक्त वरच्या काठाला चार टाके घालून लावला असेल तर सगळा भार त्या चार टाक्यांवर येतो. चांगल्या पिशवीत पट्टा एका बाजूने खाली उतरतो, तळाखालून जातो आणि दुसऱ्या बाजूने वर येतो, असे दोन पट्टे तळाला एकमेकांना छेदतात, म्हणजे वजन पट्टे उचलतात आणि जाळी फक्त गाळायचं काम करते. असे पट्टे असलेली पिशवी दिसली तर थोडी महाग असली तरी तीच घ्या.

प्रश्न : नायलॉन की पॉलिस्टर? की साधी मलमल?

मॅशसाठी पॉलिस्टर. नायलॉन वाईट नाही, दोन्ही मॅशचं तापमान आणि उकळीचे १०० अंश आरामात सोसतात, पण नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की ताणतं, त्यामुळे वजनाखाली लांबत जातं आणि भोकंही त्याबरोबर बदलतात. आम्ल आणि क्लोरीन या दोन्हींपुढे ते नरम पडतं. पॉलिस्टर पाणी फारसं घेत नाही, लवकर वाळतं आणि वास कमी धरतं. त्यातही एकेरी गुळगुळीत तंतूंची जाळी मिळाली तर उत्तम, पीळ दिलेल्या धाग्यांमध्ये पीठ जाऊन बसतं आणि काढता काढता नाकीनऊ येतात. रंगवलेली जाळी नको, पांढरी घ्या. घेताना अन्नासाठी चालणारं कापड आहे असं स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे.

मलमल मॅशसाठी नाही. सुती असल्यामुळे ती भिजते, फुगते, बुरशी धरते. मूठभर माल्ट भिजवायला किंवा अख्ख्या हॉप्सची फुलं बांधायला एकदा वापरा आणि टाकून द्या, तेवढ्यासाठी ती छान आहे.

प्रश्न : पिशवी पिळावी की नाही? पिळली की तुरटपणा उतरतो असं मला ठामपणे सांगण्यात आलंय.

पिळा. बिनधास्त पिळा.

तुरटपणा येतो टरफलांमधल्या टॅनिनमुळे, हे बरोबर आहे, पण टॅनिन सुटायला दोन गोष्टी लागतात, पाण्याचा पीएच ६ च्या वर जाणं आणि तापमान ७७ अंशांच्या पुढे जाणं. पिशवीच्या पद्धतीत तुम्ही सगळं पाणी सुरुवातीलाच घालता, वॉर्टचा पीएच साधारण ५.२ ते ५.६ असतो आणि चोथा ६५-७० अंशांवर. पिळून यात काही बदलत नाही, पिशवीत अडकलेला तोच वॉर्ट बाहेर येतो. तुरटपणा आला असेल तर तो चोथ्यावर भरपूर उकळतं पाणी ओतून धुतल्याने येतो किंवा तुमचं पाणीच जास्त अल्कलाइन असल्याने, तिकडे बघा.

जपायचं ते हाताला. ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत कातडी भाजते आणि हे त्याहून गरम असतं, वर साखरेमुळे चिकटतं. जाड, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घाला, किंवा पिशवी पातेल्यावर ठेवलेल्या जाळीच्या स्टँडवर टेकवून वरून झाकणाने दाबा. मी छताला एक कप्पी लावून घेतलीय, पिशवी वर ओढायची, दोर बांधायचा आणि खाली बर्नर चालू करायचा, उकळी येईपर्यंत ती आपली निथळत राहते. मध्ये दोन-तीनदा पिशवीला पीळ द्यायचा, कपडे पिळतो तसा, प्रत्येक पिळाला परत एक धार येते. कप्पी मात्र वासा किंवा काँक्रीटसारख्या भक्कम जागी लावा, आणि दोर सुटला तर पिशवी सरळ उकळत्या पातेल्यात पडणार आहे हे लक्षात ठेवून दोर नीट बांधा.

प्रश्न : २५० मायक्रॉनची चांगली पिशवी आहे तरी वॉर्ट निथळायला अर्धा तास लागतो. पिशवी बदलू का?

थांबा, आधी भरड बघा. पिशवीच्या पद्धतीत माल्ट नेहमीपेक्षा बारीक भरडलेलं चालतं, कारण इथे टरफलांच्या थरातून वॉर्ट गाळायचा नसतो. रोलरच्या गिरणीत दोन रोलरमधली फट साधारण १ मिलिमीटर ठेवतात ती पिशवीसाठी ०.६ ते ०.७५ पर्यंत आणली तर साखर जास्त उतरते. पण हे ऐकून बरेच जण मिक्सरमध्ये पीठच करून टाकतात आणि मग कुठलीही पिशवी तुंबते. मूठभर भरड हातावर पसरून बघा, टरफलं फाटलेली पण ओळखू येण्यासारखी हवीत, कणी रवाळ हवी आणि पीठ त्यामानाने कमी. हातावर नुसती पांढरी भुकटी राहत असेल तर फट थोडी वाढवा.

दुसरं, तुमच्या रेसिपीत गहू, राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) किंवा ओट्स किती आहेत? गव्हाला आणि रायला टरफल नसतं, आणि ओट्स-रायमध्ये बीटा-ग्लुकन नावाचा चिकट पदार्थ भरपूर असतो, त्याने वॉर्ट खळीसारखा होतो. अशा वेळी मॅशच्या आधी ४० ते ४५ अंशांवर १५-२० मिनिटं ठेवलं तर माल्टमधलीच एन्झाइम्स तो चिकटपणा तोडतात. उचलायच्या आधी मॅश ७५-७६ अंशांपर्यंत तापवला तरी वॉर्ट पातळ होतो आणि सरसर उतरतो, फक्त तापवताना सतत ढवळा. का ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : मॅशचं तापमान उतरलं म्हणून खालून बर्नर लावला आणि पिशवीच्या तळाला हाताच्या पंजाएवढं भोक पडलं. पॉलिस्टर १०० अंश सोसतं म्हणता ना?

पाण्याचे १०० अंश सोसतं. पातेल्याचा तळ ज्योतीच्या वर असतो तेव्हा त्याला टेकलेल्या कापडापर्यंत पाणी पोचतच नाही, वरून माल्टचा दाब असतो, आणि तिथलं तापमान कुठल्या कुठे जातं. पॉलिस्टर साधारण २५० अंशांच्या पुढे वितळतं पण मऊ त्याच्या खूप आधी पडतं, आणि मऊ झालेल्या जाळीवर तुम्ही वजन ठेवलंय. शिवाय तिथली साखर करपली की तो जळका वास पूर्ण बॅचमध्ये उतरतो, तो घालवायला उपाय नाही.

तळाशी पायांची स्टीलची जाळी किंवा भोकांची ताटली ठेवा, दोन-तीन सेंटिमीटर उंच असली तरी पुरते. तिच्या कडा धारदार नाहीत ना ते बोट फिरवून बघा, आणि पातेल्याला आतून नळाची नळी आली असेल तर तिचं टोकही बघा, पिशव्या बऱ्याचदा तिथेच अडकून फाटतात. तेवढं करूनही बर्नर चालू असताना पिशवी थोडी वर ओढून धरा आणि आच मंद ठेवा. त्यापेक्षा सोपं म्हणजे पातेलं जाड गोधडीत किंवा जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळा (बर्नर बंद करून, हे सांगायला नको), भरलेलं पातेलं तासाभरात एक-दोन अंशच उतरतं आणि तेवढ्याने काही बिघडत नाही.

प्रश्न : हॉप्ससाठी तीच पिशवी वापरली तर चालेल का? फर्मेंटेशन (यीस्टने वॉर्ट आंबवणं) संपत आल्यावर पेलेट्स पिशवीत घालून सोडायचे आहेत.

हॉप्सची पिशवी वेगळी ठेवा. मॅशची मोठी पिशवी कितीही धुतली तरी शिवणीत काहीतरी राहतं, मॅशला त्याने काही होत नाही कारण पुढे तासभर उकळी आहे, पण तयार होत आलेल्या बीअरमध्ये ते नको.

पेलेट्स म्हणजे हॉप्सची दाबलेली भुकटी, पाण्यात पडली की ती कित्येक पट फुगते. पिशवी एक तृतीयांशाच्या वर भरू नका. घट्ट भरली तर आतले हॉप्स कोरडे राहतात, आणि दुसरा त्रास असा की बारीक तोंडाच्या फर्मेंटरमध्ये कोरडी पिशवी सहज आत जाते आणि फुगलेली बाहेर येत नाही, बाटलीच्या तोंडात अडकून बसते आणि मग कात्रीने कापून काढावी लागते. तोंड बारीक असेल तर दोन-तीन लहान लांबट पिशव्या करा किंवा पिशवीशिवाय मोकळे हॉप्स घाला.

पिशवी आधी १०-१५ मिनिटं उकळून घ्या. ती तरंगू नये म्हणून आत काचेच्या दोन-चार गोट्या किंवा स्टीलचं वजन टाका, तेही उकळलेलं. बांधायला बिनवासाचा डेंटल फ्लॉस चांगला. आणि ही पिशवी काढताना पिळायची नाही. मघाशी मी पिळा म्हटलं ते गरम मॅशबद्दल, इथे पिळलं की हवा मिसळते, आणि तयार बीअरला ऑक्सिजन लागला की हॉप्सचा ताजा वास काही दिवसांत जाऊन तिथे ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. उचला, थोडं निथळू द्या, बाजूला ठेवा. उकळीत हॉप्स पिशवीत घालणार असाल तर कडवटपणा थोडा कमी उतरतो, त्यामुळे बरेच जण कडवटपणाचे हॉप्स दहा टक्क्यांनी वाढवतात, मीही तसंच करतो.

प्रश्न : पडद्याचं पारदर्शक पॉलिस्टर कापड घरी आहे. त्याची शिवली तर?

हो, शिवा, व्हॉइल म्हणतात त्या कापडाच्या पिशव्या या पद्धतीत सुरुवातीपासून वापरात आहेत आणि मापाला तंतोतंत बसणारी पिशवी मिळवायचा तो सगळ्यात चांगला मार्ग आहे. फक्त ते शंभर टक्के पॉलिस्टर हवं, पांढरं हवं, आणि आग रोखणारी किंवा डाग रोखणारी प्रक्रिया केलेलं नको. पडद्याच्या कापडाला अशी प्रक्रिया असण्याची शक्यता असते आणि ती धुऊन जाईल की नाही सांगता येत नाही, खात्री नसेल तर ते कापड सोडून द्या. वर दिलेल्या मापात शिवणीचे दीड-दोन सेंटिमीटर वाढवून कापा, एकदा टीप मारा, काठ आत दुमडा आणि दुसरी टीप मारा. वर नाडीसाठी नेफा करा, नाडी सुती नको, नायलॉनची गोल दोरी घाला. इलॅस्टिक घालू नका, गरम पाण्यात ते काही वापरातच सैल पडतं. पट्टे तळाखालून न्या, हे वर सांगितलंच आहे. शिवून झाली की गरम पाण्यात दोन-तीनदा खळबळा, नव्या कापडाची खळ निघून जाते, आणि पहिल्यांदा माल्ट घालायच्या आधी त्यात नुसतं पाणी आणि वजन घालून उचलून बघा. मी पाण्याने भरलेल्या बाटल्या घालतो, बारा-पंधरा किलो होईपर्यंत, आणि पाच मिनिटं टांगून ठेवतो.

प्रश्न : पिशवीला आंबूस वास येतो, जात नाही. शिवाय एक पिशवी किती वेळा वापरावी?

वास येतो कारण ती ओली घडी करून ठेवली जातेय. चोथा गरम असतानाच पिशवी उलटी करून झटका, वाळल्यावर तो सिमेंटसारखा चिकटतो. मग आतली बाजू बाहेर करून नळाच्या जोरदार धारेखाली शिवणी धुवा, सोडियम परकार्बोनेटवाला ऑक्सिजन क्लीनर गरम पाण्यात घालून त्यात अर्धा तास बुडवा, खळबळा आणि वाऱ्यावर पूर्ण वाळवा. कपड्यांचा सुगंधी साबण आणि सॉफ्टनर नको, त्याचा वास जाळीत राहतो आणि राहिलेला अंश बीअरचा फेस मारतो. ब्लीच नको. कॉस्टिक सोडा तर नकोच, गरम कॉस्टिक पॉलिस्टरला हळूहळू खातं. मॅशची पिशवी निर्जंतुक करायची गरज नाही, स्वच्छ आणि कोरडी असली की झालं.

किती वेळा असा आकडा नाही. चांगली पिशवी काही वर्षं जाते. दर वेळी वाळल्यावर तळाचा भाग उजेडासमोर धरा आणि शिवणीच्या दोन्ही बाजूंना बघा, टाक्यांची भोकं लांबट व्हायला लागली किंवा जाळी एका जागी विरळ दिसायला लागली की ती पुढच्या मॅशला नेऊ नका. वरचा भाग सहसा चांगलाच असतो, तो कापून त्याच्या दोन लहान पिशव्या शिवून घ्या, खास माल्ट भिजवायला कामी येतात.